सरासरीची नऊ झंपरं

माझ्या हाताखाली शिकून आमच्या घरातलं एकच माणूस गणितात पास झालं, आणि तेही माझं ऐकायचं सोडल्यावर.

हे माणूस म्हणजे माझी आत्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजनं मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा गणिताचा वर्ग काढला. बेरीज, भागाकार, अपूर्णांक, सरासरी. मी तिथं नवाकोरा प्राध्यापक. (नोकरी कायम झाली नव्हती, रुबाब झाला होता.) पहिल्या बाकावर एक गवंडी, दूध डेअरीतले दोघे आणि मधोमध आत्या! ती आमच्या गावात, गडमुडशिंगीत, वीस वर्षं घरीच बायकांची झंपरं शिवत होती. गावात नवा शिवणवर्ग निघणार होता, त्याला शिकवणारी बाई हवी होती आणि अट होती गणिताच्या सर्टिफिकेटची.

"लोकं मला शिवणारी म्हणत्यात," आत्या म्हणाली. "एकदा बाई म्हणू देत की!"

घरात ती मला बंड्या म्हणायची, वर्गात सर.

आत्याची पद्धत सोपी. बाईनं आपलं नीट बसणारं एक जुनं झंपर मापाला आणून द्यायचं. आत्यानं ते नव्या कापडावर पसरायचं, कडेनं दोन बोटं जास्तीचा दाब सोडायचा (पुढं बाई अंगानं भरली तर उसवून सैल करता यावं म्हणून) आणि कात्री चालवायची. टेप भिंतीवर लटकलेली, शोभेला.

"आत्या, हे शास्त्रीय नाही."

"बसतंय की पण!"

"बसतंय गं, पण शास्त्रीय नाही."

मग वर्गात सरासरीचा दिवस उगवला. मी जोरात होतो. "नऊ आकडे डोक्यात ठेवायचे कशाला? सरासरी काढा! एक आकडा नवांचं काम करतो!"

गवंड्यानं हात वर केला. "सर, माझी नऊ माणसं हायत. सरासरी काढली तर एकट्यात भिंत हुतीया व्हय?"

"परीक्षेत शंका काढायच्या नाहीत," मी म्हणालो. "सूत्र लावायचं!"

आत्यानं हे वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारून.

तेवढ्यात माझ्या बहिणीचं लग्न आलं. नऊ करवल्या आणि नऊ जणींना एकाच ताग्यातली जांभळी झंपरं, हा आईचा हट्ट. काम अर्थात आत्याकडं. त्यातच आपल्या धंद्यात एक गणित करून दाखवायचं, असं आमच्या परीक्षेचं प्रात्यक्षिक होतं. आत्यानं जन्मात पहिल्यांदा टेप खाली काढली, नऊ जणींच्या छात्या मोजल्या आणि वही माझ्यापुढं ठेवली. बेरीज तीनशे चोवीस. भागिले नऊ. छत्तीस!

एकूण कापडाचा अंदाज काढतेय, असं मला वाटलं. मी लाल शाईनं बरोबरची खूण केली, खाली झोकात सही ठोकली.

"मग असंच करू न्हवं?"

"असंच!"

"आन दाब?"

"उत्तर इतकं नेमकं आलंय, आता दाब कशाला?"

आत्या जरा घुटमळली. मग म्हणाली, "बरं, सर."

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा झंपरं घालून बघायचा कार्यक्रम झाला. छत्तीसची नऊ, नऊ पदर एकावर एक ठेवून एकदमच कापलेली! अठ्ठावीस मापाची चुलत बहीण झंपरात शिरली, आत आणखी एक करवली मावली असती. सत्तेचाळीसच्या मामींनी एक हात घातला आणि तिथंच अडकल्या. नवांपैकी एकीलाही झंपर बसेना, कारण छत्तीस एकीचीही नव्हती!

"बंड्याऽऽ!" आईची हाक वेशीपर्यंत गेली असणार.

"भागाकार बरोबर आहे!" मी ओरडलो. "पण आत्या, तुला तरी कळायला नको?"

"कळत हुतं की," आत्या म्हणाली. "वीस वर्सं कापतोय मी. अक्कल म्हणत हुती, असं करू नगं. पर वहीत सरांची सही हुती." तिचे डोळे भरले. "आता कसली बाई आन कसलं काय! ह्या गावात झंपर कोण टाकंल माज्याकडं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शिकलेला माणूस गप्प कसा बसेल?

"छत्तीस म्हणजे छत्तीस! माप चुकलेलं नाही!"

"मग कुणाला बसतंय ते दाव," आई म्हणाली. सगळ्याजणी माझ्याकडं बघायला लागल्या.

मी बनियनवर झंपर चढवलं. पहिलं हूक लागलं, दुसरं लागलं, शेवटचंही लागलं. कुठं चुणी नाही, कुठं ताण नाही! मी विजयानं वळलो, तर दारात नवरदेवाचे वडील.

"या पावणं," मी म्हणालो. "बसा."

ते उभेच राहिले. "तुमच्यात करवल्यांत गडी बी असत्यात व्हय?"

पावण्यांना चहा पाजून वाटेला लावल्यावर आत्यानं डोळे पुसले, टेप परत भिंतीवर लटकवली आणि हुकूम सोडला, "आपापली जुनी झंपरं आणा, मापाला!" मोठी झालेली आत घेता येत होती. लहान झालेल्यांना सोडायला दाब नव्हता (माझी कृपा!) आणि दुकानातला तागा संपला होता. आत्याची नजर घरभर फिरली आणि माझ्या नव्या फेट्यावर थांबली. करवल्यांना शोभेल असा जांभळाच घेतला होता मी, हौसेनं.

"बंड्या, फेटा आण."

काखेखाली पट्ट्या लागल्या. अर्धा फेटा एकट्या मामींना गेला. लग्नात नऊ जणींची झंपरं चोपून बसली, बायका आत्याला नवी फॅशन विचारत होत्या, आणि फेटेवाल्या पुरुषांच्या रांगेत मी बोडका उभा होतो.

पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक, शेजारी मी. आत्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"सरासरी म्हणजे काय, सांगा."

माझा जीव टांगणीला. सूत्र सांग गं बाई, एवढं सूत्र सांग!

"नऊ जणींची मापं एक करून शिवल्यावर," आत्या शांतपणे म्हणाली, "जे झंपर त्यातल्या एकीलाबी बसत न्हाय आन दहाव्या गड्याला चापून बसतं, ती सरासरी."

परीक्षक पोट धरून हसले. पैकीच्या पैकी मार्क देऊन म्हणाले, "वा, बाई! हे उदाहरण कुणी दिलं?"

'बाई' ऐकून आत्या फुलली. मग पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "ह्या सरांनी. घालून दावलं."

परीक्षकांनी चष्मा सारखा केला आणि माझ्याकडं नीट बघितलं. मी मुकाट्यानं हजेरीपत्रक छातीशी धरलं.