दादाला लाइट कमी पडते

शिंप्याच्या आणि काचवाल्याच्या दुकानांच्या मध्ये एक अरुंद गाळा होता. आत एका वेळी एकच मोटरसायकल मावायची. दुसरी आली की पहिलीला मागे रेटत बाहेर काढावं लागायचं. गाळ्याच्या मालकाला सगळा रस्ता तारवाला म्हणायचा. इंजिन खोलणारे त्या भागात पुष्कळ होते, पण वायरिंगला हात लावायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत, आणि मग ते गिऱ्हाइकाला इकडे पिटाळत. हॉर्न वाजत नाही, इंडिकेटर वेडावतो, चावी फिरवली की गाडी मुकी, असली सगळी दुखणी तारवाल्याकडे. माणूस बोलायला बेताचा. तार बोटांत धरून तो असा उभा राही, की नाडी बघतोय असं वाटावं.

हे काम त्याला शिकायला मिळालं ते थोरल्या भावामुळे. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं शाळेकडे पाठ फिरवली आणि बेकरीचे पाव दुकानादुकानांत पोचवायचं काम धरलं. धाकट्याला त्यानं एका इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली घातलं. "याच्या डोक्यात काही नाही, पण बोटं चांगली आहेत," अशी ओळख करून दिली होती. दादा अजूनही त्याला बारक्याच म्हणायचा, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. तारवाल्याला ते खटकायचं नाही. बाकी कुणी म्हटलं असतं तर पाना फेकून मारला असता.

पावाचं काम म्हणजे उजाडायच्या आतलं. दुकानं उघडायच्या वेळी पाव पोचलेला पाहिजे. दादाच्या मोटरसायकलला मागे दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचे क्रेट बांधलेले असत, आणि ताज्या पावाचा वास गाडीच्या सीटमध्ये असा मुरला होता, की गाडी धुतली तरी जात नसे.

थंडी सुरू झाली आणि दादाची तक्रारही. "बारक्या, लाइट कमी पडते रे."

तारवाल्यानं बल्ब बदलला. पुन्हा तेच. मग दिव्यातली चकाकणारी वाटी काळवंडली होती ती बदलली, पिवळी पडलेली काच घासून स्वच्छ केली, गंजलेला अर्थिंगचा सांधा उघडून पुन्हा आवळला. दादा दोन दिवस गप्प बसे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा.

"सगळ्या जगाचे दिवे लावतोस," तो म्हणाला, "सख्ख्या भावाचा एक लागत नाही होय? काय दिवे लावलेस मग आजवर!"

शिंपी खो खो हसला. तारवाला हसला नाही. ते त्याला लागलं होतं. त्यानं ठरवलं, कंपनीचा दिवा काढूनच टाकायचा आणि बाहेरच्या बनावटीचा मोठा गोल एलईडी बसवायचा. पुन्हा तक्रारीला जागाच नको.

दिवा आला तो नुसता खोक्यात. कसा बसवायचा याचा कागद नाही, काही नाही. दादाच्या गाडीचा मूळ दिवा चौकोनी, नवा गोल. त्यामुळे दिव्याचं जुनं घर, ज्याला गॅरेजवाले डूम म्हणतात, ते उपयोगाचं नव्हतं. तारवाल्यानं पुढच्या चाकाच्या वरच्या दोन दांड्यांना दोन क्लॅम्प आवळले. दांडा खरचटू नये म्हणून खाली जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या घातल्या. गाडीच्या थरथरीनं नट सुटतात, म्हणून आत नायलॉनचा पट्टा असलेले नट वापरले. पुढे कटकट निघाली ती करंटची. जुन्या गाडीत हेडलाइटला करंट थेट इंजिनकडून येई, इंजिन हळू झालं की एलईडी लुकलुकायचा. मग बॅटरीपासून नवीन तार ओढली, मध्ये फ्यूज घातला, सगळा भार बटणावर येऊ नये म्हणून रिले बसवला, आणि सगळं टाकीखालून नेऊन पट्ट्यांनी बांधलं. शेवटी हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून पाहिलं. तार कुठे ताणत नव्हती, कुठे चेपत नव्हती. असं काम त्यानं स्वतःच्या गाडीवरही केलं नव्हतं.

दिवस कलला तसा दादा आला. गाडी समोरच्या गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली. "बस गाडीवर," तारवाला म्हणाला. "माणूस बसला की मागचं दबतं आणि लाइट वर जाते. बसूनच सेट करायची."

दादा बसला. बटण दाबलं, आणि भिंतीवर पांढरा झोत पडला. विटांच्या फटी मोजून घ्याव्यात इतका लख्ख. काचवाला दुकानातून डोकावला आणि म्हणाला, "अरे, दिवस उगवला की काय!" तारवाल्यानं भिंतीवर खडूची रेघ मारली, झोताची वरची कड रेघेच्या जरा खाली आणली, जेणेकरून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये. मग कंबरेवर हात ठेवून भावाकडे पाहिलं.

"छान," दादा म्हणाला. पण आवाजात जीव नव्हता. तो गाडीवरून उतरला आणि त्याचा पाय पार्ट धुवायच्या रॉकेलच्या तसराळ्यात गेला. तसराळं उलटलं. पँट भिजली.

"इथे कशाला ठेवतोस रे, माणसाच्या पायात?"

तसराळं पायात नव्हतं. ते गाडीपासून चांगलं हातभर लांब होतं, आणि भिंतीवरून परतलेल्या उजेडात चकाकत होतं. तारवाल्यानं तसराळं सरळ करून ठेवलं. "चल, एक चक्कर मारू," म्हणाला आणि मागे बसला.

संधिप्रकाश होता. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. दादा आयुष्यभर चालवत आला तशी सरळ, बेतानं गाडी चालवत होता. डाव्या बाजूला, जरा पुढे, एक माणूस सायकल चालवत होता. कितीतरी वेळ होता. तारवाल्याला वाटलं, दादा आता जरा उजवीकडे घेईल. मग वाटलं, आता घेईल. दादा डावीकडे वळायला लागला.

"दादा!"

ब्रेक लागला. सायकलवाला एक पाय टेकून थांबला, काहीबाही बोलला, निघून गेला.

"कुठून उपटला हा?" दादानं विचारलं. खरंच विचारत होता.

तारवाल्यानं गाडी कडेला घ्यायला लावली. "दादा, समोर बघ. त्या खांबाकडे. मान हलवू नकोस." मग त्यानं आपला हात भावाच्या कानाच्या रेषेत, बाजूला धरला आणि बोटं हलवली. "हात दिसतोय?"

"कुठला हात?"

त्यानं हात पुढे आणला. आणखी पुढे. हात जवळजवळ नाकासमोर आला, तेव्हा दादा म्हणाला, "हां, हा." आणि मग त्याच्याही लक्षात आलं. तो एकदम चिडला. "हे काय पोरखेळ लावलेत? लाइट डावीकडे फाकत नाही तुझी, ते बघ आधी."

त्या संध्याकाळी तारवाला भावाच्या घरी गेला. दादा आत पँट बदलत होता. वहिनीनं ओट्याशी उभ्या उभ्या, मागे न वळता त्याचं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मला माहीत आहे, भाऊजी."

"कधीपासून?"

"स्टूल भिंतीला लावून ठेवते, ते उगाच का? दाराला धडकतात, मग मलाच म्हणतात दार कुणी अर्धवट उघडं ठेवलं. शेजाऱ्यांना वाटतं, यांना शिष्टपणा आलाय, हात केला तरी बघत नाहीत." ती कढई घासत राहिली. घासून झालेलीच कढई. "बोलले तर गाडी सुटेल. नाही बोलले तर... पहाटे गाडीचा आवाज गेला ना, की आवाज परत येईपर्यंत मला घास जात नाही."

डॉक्टरांकडे नेणं सोपं नव्हतं. शेवटी चष्मा करायचं निमित्त काढलं, तेव्हा कुठे दादा आला. डोळ्यांच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी दादाला एका पांढऱ्या गोलासमोर बसवलं आणि हातात बटण दिलं. कुठेही ठिपका चमकला की दाबायचं. तारवाला मागे उभा होता. ठिपके एकामागून एक चमकत होते आणि दादाचा अंगठा बटणावर नुसता ठेवलेला होता. मधूनच एखादं दाबणं. तारवाल्याचा स्वतःचा अंगठा खिशात दाबला जात होता, जणू त्यानं दाबलं तर तिकडे मोजलं जाईल.

डॉक्टरबाईंनी गोडगोड बोलून वेळ काढला नाही. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडून वाळत चालला आहे, म्हणाल्या. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं. मधलं बरीच वर्षं राहू शकतं. चष्म्यानं फरक पडणार नाही, ऑपरेशन नाही. "अंधारात गाडी नको. खरं म्हणजे गाडीच नको."

"औषध?" तारवाल्यानं विचारलं.

"सध्या तरी यावर इलाज नाही." त्या तारवाल्याकडे वळल्या. "हे घराण्यात असतं. तुम्हीही तपासून घ्या."

त्यांनी लगेच त्यालाही त्याच खुर्चीवर बसवलं. त्यानं सगळे ठिपके पकडले. डोळे ठणठणीत निघाले. बाहेर बाकावर बसलेल्या भावाला ते सांगताना त्याची जीभ अडखळली. दादानं मात्र त्याच्या पाठीवर थाप मारली. "चला, एकाचं तरी निभावलं." तारवाल्याला त्या क्षणी आपलाही पडदा वाळका निघाला असता तर बरं, असं वाटून गेलं.

थोडे दिवस दादानं उजाडल्यावर पाव नेला. दुकानदार कुरकुरले. बेकरीचा मालक चांगला माणूस, पण त्यालाही तयार पाव थंड होताना बघवत नव्हते. मग एका दुपारी दादा गाळ्यात आला, स्टुलावर बसला आणि सरळ म्हणाला, "हँडलच्या खाली अजून दोन दिवे बसव. बाजूला उजेड टाकणारे."

"दादा, प्रश्न उजेडाचा नाहीये."

"मला माहीत आहे प्रश्न कशाचा आहे. तू दिवे बसव."

"माल आलेला नाही."

दादानं मान वळवून फळीकडे पाहिलं. दिव्यांची खोकी समोरच होती. त्याच्या नजरेच्या मध्यावर, अगदी दिसतील अशी. तो उठला, दाराची चौकट हातानं चाचपली आणि गेला.

चार दिवसांनी तारवाला वहिनीकडे काही पोचवायला गेला, तर गाडी दारात उभी, आणि हँडलखाली दोन नवे दिवे. दुसऱ्या कुणाकडून तरी लावून घेतले होते. त्यानं वाकून पाहिलं. तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळलेला. करंट हॉर्नच्या तारेतून चोरलेला. फ्यूज नाही. एक तार गरम सायलेन्सरला टेकत होती, तिचं प्लास्टिक मऊ पडलं होतं.

तो तिथेच उभा राहिला. तार तोडावी? दादा पुन्हा त्याच माणसाकडे जाईल. तशीच ठेवावी? एखाद्या पहाटे पेटेल. वहिनी दारात येऊन उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्यानं गाडी ढकलत गाळ्यात आणली आणि सगळं उकललं. नव्या तारा ओढल्या, सांधे पक्के केले, वेगळा फ्यूज घातला. जे करायला नकार दिला होता तेच काम, स्वतःच्या हातानं, डोळ्यांत तेल घालून. शिंपी बघत होता. "एकदम फर्स्टक्लास," तो म्हणाला. तारवाल्याला रडूच आलं, पण त्यानं फुंकणीनं धूळ उडवायचं निमित्त केलं आणि तोंड फिरवलं.

पुढे काय होईल याची वाट बघण्यापलीकडे कुणाच्या हातात काही नव्हतं. वहिनी बोलून दमली, तो बोलून दमला. दादा ऐकून घेई आणि पहाटे जाई.

मग एका सकाळी तारवाला शटर वर करत असताना दादा रस्त्यानं आला. गाडीवरून नाही, गाडी ढकलत. क्रेट भरलेले. कपडे नीट होते, कुठे खरचटलं नव्हतं.

"बंद पडली?"

"नाही. चालू आहे." दादानं गाडी स्टँडवर लावली. "समोरून ट्रक आला. त्याच्या लाइटनं डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं, आणि तो गेल्यावर काहीच आलं नाही रे परत. म्हणजे काहीच. ब्रेक दाबला, पण मी कुठे उभा आहे तेच कळेना. बाजूनं कुणीतरी चालत गेलं, कपडा हाताला लागला माझ्या. बाईमाणूस असावं." त्यानं क्रेटची दोरी ओढून पाहिली. "उजाडेपर्यंत तिथेच उभा होतो. मग ढकलत आलो."

तारवाला म्हणाला, "चहा सांगू?"

"सांग."

दोघं चहा पीत बसले. पावाचं काय करायचं हे कुणालाच सुचेना. शेवटी काचवाल्यानं बेकरीत फोन लावला.

दादा आता बेकरीत दिवसा पाव बांधतो. त्याला ते आवडत नाही. आत गरम होतं आणि बाकीचे बाष्कळ बडबड करतात, म्हणतो. दुपारी वहिनी त्याला गाळ्यापर्यंत आणून सोडते आणि तो स्टुलावर बसतो. पावाची फेरी आता एक तरुण माणूस करतो. मध्यंतरी त्याच्या गाडीचा इंडिकेटर बिघडला, तेव्हा बेकरीवाल्यांनी त्यालाही इथेच पाठवलं. काम एका सुट्या तारेचं होतं. लगेच झालं असतं.

पण दादानं त्याला धरलं. कुठल्या वळणावर खड्डा आहे, कुठला दुकानदार पाव दाबून बघतो आणि मग नको म्हणतो, कुठल्या गल्लीतलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं. गल्ल्यांमागून गल्ल्या तो सांगत सुटला, समोरच्या काहीच नसलेल्या जागेकडे बघत. तरुण माणूस आधी हो हो करत होता, मग घड्याळ बघायला लागला.

तारवाल्याचं काम केव्हाच झालं होतं. तो खाली बसून राहिला आणि पक्का बसलेला स्क्रू पुन्हा सैल करून पुन्हा आवळत राहिला.