कुसुमच्या वेणीचा ठसा

वसंतने आपल्या मेलेल्या बहिणीचं शेवटचं चित्र पोस्टात टाकलं. ते परत आलं नाही.

वसंत आज सकाळी मानवतला वारला.

हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात आलो, त्या सुमाराची ही गोष्ट. आम्ही चौघं होतो. मी परभणीत. वसंत आणि त्याची धाकटी बहीण कुसुम मानवतला. हबीब माझा आणि वसंतचा वर्गमित्र, पण त्याच्या घरचे हैदराबादला गेले म्हणून तो तिकडे.

चौघांचं एक मासिक होतं. नाव ‘काजळी’.

प्रत एकच. ती टपालाने फिरायची. मानवतहून हबीबकडे, हबीबकडून माझ्याकडे, माझ्याकडून पुन्हा मानवतला.

पाकीट आलं की आपलं जुनं पान काढायचं, नवं घालायचं, पुढे पाठवायचं. दुसऱ्याच्या पानाला हात लावायचा नाही. एवढाच नियम.

बाहेर कुणाला दाखवायचं नाही, हे न ठरवताच ठरलं होतं. घरच्यांनी वेड्यात काढलं असतं.

पण पाकीट स्वस्तातल्या बुकपोस्टाने जायचं, आणि बुकपोस्टाचं तोंड उघडं असतं. पोस्टमास्तरांनी एकदा आत डोकावून वसंतला विचारलं, “नकाशा हाय व्हय? कोन्या गावचा?”

“अजून वसायचंय,” वसंत म्हणाला.

वसंत कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. रुईच्या गाठींवर मार्का मारायचा. पत्र्यात कोरलेली अक्षरं गाठीवर धरायची आणि वरून ब्रश फिरवायचा. काजळी आणि अळशीचं तेल. तीच आमची शाई.

आम्ही तिघं चित्रं काढायचो. खरं सांगायचं तर कुठेतरी पाहिलेली चित्रं आठवून काढायचो.

कुसुम काढायची नाही. ती ठसे घ्यायची. सरकीचे, गोणपाटाचे, चुलीतल्या अर्धवट जळालेल्या लाकडाचे. तिचं पान आलं की आम्हाला आमची पानं बघवायची नाहीत.

एकदा तिने स्वतःची वेणी काजळीत बुडवली आणि कागदावर दाबली.

मी ते पान हातात घेतलं तेव्हा तेलाचा वास येत होता. प्रत्येक पेड वेगळा दिसत होता. टोकाला केस सुटलेले. बाकी सगळा कागद कोरा.

वसंतने कार्डात लिहिलं होतं की केसांतली काजळी निघत नाही, आणि माय रोज न्हाऊ घालते आणि रोज बोलते.

ते पान फिरत होतं तेव्हाच कुसुमला विषमज्वर झाला. तापात तिचे केस कापले. नंतर ती गेली.

मी भेटायला मानवतला गेलो तेव्हा पाकीट तिथे आधीच पोचलं होतं. वसंतने आपलं जुनं पान काढलं होतं आणि एक कोरा कागद घातला होता. कुसुमचं पान तसंच आत.

माय दारात उभी राहिली.

“वसंता, माझ्या लेकीची वेणी हाय ती. ऱ्हाऊ दे घरात.”

वसंत खाली बघत म्हणाला, “माय, तिनं ते फिरायसाठी केलंय.”

“ती न्हाई आता.”

“म्हणूनच.”

माय आत गेली.

पोस्टापर्यंत मी त्याच्याबरोबर चालत गेलो. मी म्हणालो, राहू दे की एवढं पान. तो थांबला.

“घरात ठिवलं तर माय त्याला हळदकुंकू लावंल. हार घालंल. येणारा जाणारा पाया पडंल. मग ते चित्र ऱ्हात न्हाई. आपली कुसी चित्रकार होती रे.”

पाकीट त्यानेच पोस्टात टाकलं.

वसंतला हबीबचं कार्ड आलं, पाकीट का नाही अजून? मग दुसरं. मग हबीब स्वतः मानवतला आला. ओट्यावर बसला तो उठेचना. मायनेच त्याला हात धरून जेवायला बसवलं.

ते पाकीट कुठे गेलं, कुणालाच कधी कळलं नाही.

वसंतने मायला सांगितलं तेव्हा ती “बरं” म्हणाली आणि ज्वारी निवडायला बसली. पुढे मरेपर्यंत तिने तो विषय काढला नाही.

“एकदा तरी शिव्या द्यायच्या की मायनं,” तो मला म्हणाला होता. तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते.

‘काजळी’ तिथेच संपली. वसंतने पुन्हा चित्र काढलं नाही. गाठींवर मात्र नोकरी होती तोवर मार्का मारत राहिला.

काही वर्षांपूर्वी मी एका लेक्चरला गेलो होतो. पडद्यावर परदेशातले आर्टिस्ट, पोस्टाने एकमेकांना पाठवलेली चित्रं, पाकिटं, शिक्के. याला मेल आर्ट म्हणतात असं कळलं. मी बाहेर येऊन वसंतला फोन केला. सगळं सांगितलं.

तो म्हणाला, “त्यांची पोचायली का पर?”

हबीब गेला. त्यानंतर ते पान पाहिलेले आम्ही दोघंच उरलो. भेटलो की भांडायचो. मी म्हणायचो, वेणी कागदावर सरळ उभी होती. तो म्हणायचा, तिरकी. डावीकडून खाली उतरत गेलेली.

“तुला काय ठावं? कागद मी धरला होता.”

“मीही पाहिलंय.”

“नीट न्हाई पाहिलंस.”

गेल्या महिन्यात दवाखान्यातही हेच. आवाज बसला होता, तरी बोटाने हवेत तिरकी रेघ ओढून दाखवली.

आज दुपारी त्याला पोचवून आलो. डोळे मिटून बसलो. वेणी सरळ दिसते.

मला खोटं पाडणारं आता कुणी नाही. मी सांगेन तसंच ते पान होतं, असं आजपासून होणार.

ते मला नको आहे.

वसंता, तिरकी होती. कागद तू धरला होतास.

जा आता.