सेन्सरला लावलेली हळद

बायकोचे दिवस भरत आले होते आणि आमची जुनी गाडी वाटेत जरा थांबवली की तिचं इंजिन बंद पडत होतं. नांदेडच्या दवाखान्याच्या वाटेत ती अशीच बंद पडली तर काय, या विचाराने मला जेवण जात नव्हतं. शेवटी मी अंगणातच बॉनेट उघडून इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर साफ करायला काढला. शेजारी हळद पॉलिश करायचा ड्रम फिरतो. त्याची पिवळी भुकटी थेट सेन्सरच्या तारेवर बसली होती. केसाहून बारीक तार. तिला हात लावायचा नाही, पुसायचं नाही, नुसता स्प्रे मारायचा. श्वास रोखून तेवढं केलं, सेन्सर फडक्यावर वाळत ठेवला आणि हात धुवायला गेलो.

परत येऊन बघतो तर मायने त्या सेन्सरला बोटभर हळदकुंकू लावलेलं, वर अक्षता.

माझं डोकंच फिरलं. "माय, काय करून राहिलीस! हळदच तर काढली ना मी सकाळपासून!"

तिने बोट मागे घेतलं.

"तूच सकाळपासून त्याच्यापुढं देवापुढं बसल्यावानी बसलास," ती म्हणाली. "मला वाटलं, आता सुनेचं समदं ह्याच्याच हातात हाय."