मेडिकलच्या चार गोळ्या

मंगळवारी दुपारी मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक लिहीत होते. फोन वाजला. बोलणाऱ्याने कंपनीचे नाव सांगितले, माझे नाव विचारले आणि म्हणाला, की तुमचे पती इंजिनरूममध्ये कामावर असताना पडले, उठले नाहीत. जहाज बंदरापासून चार दिवसांवर आहे. मी हातातल्या पुस्तकावर क्रमांक लिहिला आणि घरी निघाले.

ते जहाजावर मोटरमन होते, म्हणजे इंजिनाची देखभाल करणाऱ्यांपैकी एक. माझे माहेर वडूजकडचे, कोरडवाहू. पाणी म्हटले की आम्हाला टँकर आठवायचा. तासगावजवळच्या या द्राक्षांच्या गावात लग्न होऊन आले, तर नवरा समुद्रावर. गावातून सैन्यात जाणारे पुष्कळ, माझे सासरेही हवालदार म्हणून निवृत्त झाले. जहाजावर जाणारी माणसे मात्र पाच-सहाच. सात-आठ महिने तिकडे, मग तीन-चार महिने घरी. घरी आले की जत्रा, पाहुणे, मटणाची जेवणे. शरीर सुटायचे. पुन्हा निघायची वेळ आली की मेडिकल.

मेडिकल म्हणजे जहाजावर चढण्याआधीची मुंबईतली तपासणी. तीत रक्तदाब जास्त निघाला तर डॉक्टर थांबवून ठेवतात आणि तोवर जहाज दुसऱ्याला मिळते. त्यावर या माणसांनी एक तोड काढली होती. घरातल्या कुणा म्हाताऱ्याच्या प्रेशरच्या गोळ्यांतल्या चार घ्यायच्या, तपासणीआधी चार दिवस, रोज एक. प्रेशर उतरते, शिक्का बसतो, गोळी बंद. जहाजावर ती न्यायची नाही, कारण सामानात सापडली तर विचारतील. सगळे तिला 'मेडिकलची गोळी' म्हणत, जणू त्या तपासणीपलीकडे प्रेशर कुठे नव्हतेच.

शेवटच्या वेळी त्या चार गोळ्या मी काढून दिल्या. सासऱ्यांच्या प्रेशरच्या गोळ्यांच्या पाकिटातून. चारही दिवस सकाळी सातला चहाबरोबर आठवणीने दिल्या आणि दिल्याची खूण म्हणून कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक टिंब केले. मी नीटनेटकी बाई आहे. चूकसुद्धा मी नीटनेटकेपणानेच केली.

रोज गोळी घेतली असती तर ते वाचले असते का, हे मला कोणी सांगू शकले नाही. मी दोन डॉक्टरांना विचारले. दोघांनीही खांदे उडवले, एकाने मला पाणी दिले.

त्यांची बॅग नंतर आली. कामाचे कपडे, मी दिलेली दोन पुस्तके, आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, अर्धी. टिकावी म्हणून चटणीत मी नेहमी मीठ जास्त घालायचे. बरणी बरेच दिवस मी धुतली नाही.

एक आठवण सारखी यायची. आदल्या सुट्टीत मी त्यांना विचारले होते, की जहाजावर व्यायाम का करत नाही. मोठ्या जहाजावर त्यासाठी खोली असते, पण कामाची पाळी संपल्यावर तिथवर जायचे त्राण उरत नाही, असे ते म्हणाले, आणि आपल्या खोलीत जागा नसते. मग त्यांनी खडू घेऊन आमच्या फरशीवर एक चौकोन काढला. पलंग आणि कपाट सोडून उरते ती एवढी जागा. मी टेपने मोजली, सात फूट बाय चार. सासरे त्यात सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यात म्हैस बी वळायची न्हाई." आम्ही तिघे हसलो. दुसऱ्या दिवशी मीच तो चौकोन पुसला.

वर्ष होत आले. गौरी-गणपती झाल्यावर माझे चुलत दीर सुट्टीवर आले. ते जहाजावर स्वयंपाकी आहेत. चाळिशी ओलांडलेली, पोट पुढे, चालताना दम लागतो. आल्यावर दोन महिन्यांत त्यांना जहाज मिळाले. एका शुक्रवारी सकाळी ते घरी आले, ओट्यावर सासऱ्यांच्या पाया पडले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळू आवाजात म्हणाले,

"वयनी, तेवढ्या चार गोळ्या काढून ठेवा तात्यांच्या पाकिटातल्या. मंगळवारी मेडिकल हाय."

ते सहज म्हणाले, विरजण मागावे तसे. मी त्यांना बसायला सांगितले. पती गेल्यावर मी सांगलीहून प्रेशर मोजायचे मशीन आणले होते. सासऱ्यांसाठी, असे मी लोकांना सांगत होते. दिरांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे बहात्तर आणि एकशे सहा. ते म्हणाले, चालत आलोय, म्हणून दाखवतंय जास्त. ओट्यावरून सासऱ्यांचा आवाज आला, "तिसरं घर हाय तुझं. का पुण्यास्नं चालत आलास रं?"

दहा मिनिटे थांबून पुन्हा मोजले. दोन-चार आकड्यांचा फरक.

मी म्हटले, गोळ्या मिळणार नाहीत. डॉक्टरकडे जायचे, रोजची गोळी सुरू करायची, प्रेशर आटोक्यात आणायचे आणि मेडिकलच्या कागदावर ते खरे लिहायचे. दिरांनी मला समजावून पाहिले. हे जहाज सोडले तर जहाज मिळवून देणारा एजंट पुन्हा बोलावील याची खात्री नाही. आजाराचे एकदा कागदावर आले की आयुष्यभर मागे लागते. सगळेच असे करतात. मी नाहीच म्हणत राहिले, तेव्हा त्यांचा आवाज चढला.

"तुमी माझ्या पोटावर पाय देताय, वयनी. दादाला दिल्या हुत्या न्हवं?"

हे वाक्य कुणीतरी कधीतरी बोलणार, हे मला वर्षभर ठाऊक होते.

"दिल्या," मी म्हणाले. "म्हणून तुम्हाला देणार नाही."

सासरे काठी टेकत आत आले. ते दिरांकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. "पाकिटातल्या चार गोळ्या कमी झाल्या तवाच मला कळलं हुतं," ते म्हणाले. "मी बी गप बसलो."

तोवर ते मला ठाऊक नव्हते. आम्ही दोघे वर्षभर एका घरात जेवलो, आणि एकच गोष्ट दोघांनी वेगवेगळी गिळली होती. दीर चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सासरे त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. हाक मारली नाही, नुसते उभे राहिले. म्हातारा माणूस दारात उभा असताना आमच्याकडे कोणी पांघरूण ओढून झोपत नाही. दीर धुसफुसत मागोमाग आले. सासऱ्यांनी त्यांना आमच्या बेदाणा शेडमध्ये नेले. द्राक्षे वाळवायचे दिवस अजून लांब होते, त्यामुळे जाळ्यांचे मजले मोकळे होते आणि खालची जमीन झाडलेली होती. तिच्यावर सासऱ्यांनी कबड्डीच्या मैदानासारखी पांढरी फक्की टाकून चौकोन आखला होता. माप मी दिले होते.

दीर त्याच्या कडेला थांबले.

"ही तर आमची खोली हाय," ते म्हणाले. मग चप्पल काढून आत उभे राहिले.

सासऱ्यांची कवायत सुरू झाली. जागच्या जागी पळणे, बैठका, जोर. चौथ्या बैठकीला दिरांना धाप लागली आणि बोलायला निमित्त मिळाले. "तात्या, तुमची जमीन गप असती. आमची झुलती." सासऱ्यांना हे पटले. त्यांनी भुशाचे पोते आणून चौकोनात आडवे टाकले आणि त्यावर उभे राहून बैठका काढायला लावल्या. पाय डगमगत, म्हणून एक हात जाळीच्या खांबाला. जहाजावर त्या हाताने भिंतीचा कठडा धरायचा, असे दिरांनीच सुचवले. सासऱ्यांनी स्वतः पोत्यावर चढून पाहिले, पडता पडता वाचले, आणि मग कवायतीत बदल करायला दिरांना परवानगी दिली.

पण दीर अजून ठरवत नव्हते. सोमवारी संध्याकाळी मुंबईची गाडी धरायची होती. सोमवारी सकाळी कवायत झाल्यावर ते पोत्यावर बसून राहिले. मी त्यांच्यासमोर ग्रंथालयातले एक जुने कार्ड धरले. पूर्वी पुस्तक कोणी कधी नेले ते या कार्डांवर लिहीत, आता संगणक आल्यापासून कोरी कार्डे पडून आहेत. त्यावर मी तीन दिवसांचे आकडे लिहिले होते. तिन्ही वाईट. त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिले, खिशात घातले, आणि शेडच्या बाहेर जाऊन एजंटला फोन केला. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, डॉक्टर कधी बसतो तुमचा?

मंगळवार आला आणि गेला. त्यांच्या जागी दुसरा स्वयंपाकी गेला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, पण सहाला शेडमध्ये यायचे.

तासगावच्या डॉक्टरांनी रोजची एक गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितले आणि म्हणाले, दोन-अडीच महिने द्या मला. गोळीचे मी पाहिले. मिठाचे दिरांनी अंगावर घेतले, कारण ते त्यांच्या हुन्नराचे काम होते. आमच्याच चुलीवर प्रयोग सुरू झाले. मीठ निम्मे, वर भाजलेला लसूण, लिंबू, कोथिंबीर, थोडी आमसुले. चव बघायला सासरे. पहिल्या दिवशी त्यांनी ताट पुढे सरकवले आणि हे दवाखान्यातले कालवण व्हय, असे विचारले. तिसऱ्या आठवड्यात मागून घेतले. शेंगदाण्याची चटणी मी पुन्हा केली, मीठ नावापुरते. त्यासाठी ती बरणी धुतली.

एकदा भाकरी थापत असताना दीर स्वतःहून म्हणाले, "बावीस माणसं माझ्या हातचं खात्यात तिथं. एका जहाजावर दादा बी हुता. लोणचं मागून मागून घ्यायचा. मी वाढायचो." मग त्यांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवसानंतर कवायतीला सासऱ्यांना त्यांच्या दारात जावे लागले नाही.

कार्डे भरत गेली. एक संपले, दुसरे लावले. आकडे उतरले, मध्ये एका लग्नानंतर चढले, पुन्हा उतरले. पौष महिना संपत आला तेव्हा एजंटचा फोन आला. दुसरे जहाज होते. मेडिकल पुन्हा मुंबईला.

निघताना त्यांनी विचारले, की आता प्रेशर नॉर्मल आहे, तर लिहायचे कशाला? मी म्हणाले, गोळीने नॉर्मल आहे, म्हणून लिहायचे. लिहिले तर गोळी उघडपणे सोबत नेता येईल. नाही लिहिले तर पुन्हा सामानात लपवायची, आणि लपवलेली गोळी माणूस घेत नाही. डॉक्टरांनी नाकारले तर काय करायचे, हे त्यांनी विचारले नाही. मी त्याचा विचार केला होता. नाकारले तर त्यांचा संसार माझ्यामुळे अडणार होता आणि तिसऱ्या घरासमोरून मला रोज कॉलेजला जायचे होते. तरीही मी तेच सांगितले असते.

मेडिकलच्या दिवशी मी पुस्तकांवर क्रमांक लिहीत होते. दुपारी फोन वाजला. मी तो लगेच उचलू शकले नाही.

"वयनी, लिवलं," दीर म्हणाले.

त्यांनी सोबत नेलेली कार्डे तिथल्या डॉक्टरांनी मागून घेतली, दोनदा पाहिली. तासभर बसवले, दोन वेळा प्रेशर मोजले, ईसीजीची पट्टी काढली. मग सांगितले, गोळी चालू ठेवायची, पूर्ण प्रवासाला पुरेल एवढी सोबत न्यायची, आणि दाखला कमी मुदतीचा देतो. मुदत संपली की पुन्हा या. दीर म्हणाले, "डाक्टर इचारत हुते, ही कार्डं कुठली? मी सांगितलं, लायब्ररीतली हायती."

दीर जहाजावर आहेत. आठवड्यातून एकदा आकडे पाठवतात, मी ते कार्डावर उतरवते. सुट्टीवर आलेले आणखी दोघे सकाळी सहाला येतात. त्यांतल्या एकाने अजून डॉक्टरला दाखवलेले नाही. मी त्याला रोज विचारते. शेडमध्ये आता बेदाणा आहे, म्हणून सासऱ्यांनी चौकोन अंगणात आखला आहे. वारा फक्की उडवतो, ते पुन्हा आखतात. सात फूट बाय चार. त्यांच्या पाकिटातल्या गोळ्या फक्त तेच घेतात.