अकरा बांध्यांतलं नाटक

तव्यावर तांदळाच्या पिठाचा आयता, म्हणजे आमच्याकडचं धिरडं, सुटायच्या बेतात होता, यांचा डबा भरायचा राहिला होता, आणि पाण्याची मोटार बंद करायला मी परसात धावणार तेवढ्यात दार वाजलं. पोळा होऊन चारच दिवस झाले होते.

दारात आमच्या वस्तीच्या टोकाला राहणारे मुखरूभाऊ. काखेत कापडी पिशवी. त्यांनी हात जोडले आणि दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या गुलाबी चादरीला म्हणाले, "नमस्कार जी बाई."

"भाऊ, मी इकडे आहे."

"हो हो," ते माझ्याकडे वळले. "तेच सांगाले आलो."

मुखरूभाऊंचा आवाज आमच्या वडशाच्या प्रत्येक नटाला ठाऊक आहे, प्रेक्षकांनी मात्र त्यांचं तोंड कधी पाहिलेलं नाही. सत्तावीस हंगाम ते झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत प्रॉम्प्टर आहेत. दिवाळी झाली की इथल्या मंडळ्या गावोगाव निघतात. आज कुरखेड्याकडे, उद्या आणखी कुठे. नटांना पाठांतराला सवड कुठली? पडद्याआड बसलेला प्रॉम्प्टर वही बघून वाक्य हळूच पुढे सरकवतो आणि नट ते उचलतो. मुखरूभाऊ गप्प बसले तर राजा, सून, वकील सगळे मुके.

आणि आता त्यांना वही दिसत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी साखर खाली आणा, मग ऑपरेशन. म्हणजे हा हंगाम तसाच काढायचा.

"मंडळीच्या मालकाले माहीत नाई," ते म्हणाले. "माहीत झालं का दुसरा बसवते माझ्या जागी. एकदा जागा गेली का गेली. तुम्ही पोरीचा धडा मोठ्यानं वाचून देता, ते रस्त्यावर आयकू येते. मले हे नाटक वाचून द्या. मी सारं पाठ करतो."

"सारं? सगळ्यांचं?"

"प्रॉम्प्टरले एकट्याचं येऊन काय उपेग जी?"

पिशवीतून वही निघाली. 'सून निघाली कोर्टात'. तीन अंक, चौदा प्रवेश, एकशे बारा पानं. मी आधी सोपा मार्ग सुचवला. मोबाईलमध्ये आवाज भरून देते, कानात बोंडं घालून बसा. ते हसले. "नट अडखळते, मधातच आपला इनोद घालते, लोकं टाळ्या पिटतेत. मोबाईल टाळीसाठी थांबत नाई बाई."

तेव्हा रोज दुपारी भांडी झाल्यावर मी वाचायची आणि ते ओसरीवर डोळे मिटून ऐकायचे, असं ठरलं. पहिला प्रवेश मी पाच वेळा वाचला. प्रत्येक वेळी ते मान डोलावत. "आलं आलं, पुढं घ्या." दुसऱ्या दिवशी विचारलं तर सासूचं पहिलं वाक्य आलं आणि गाडी थांबली. आठवडाभर हेच. "आयकताना सारं माझंच वाटते," ते म्हणाले, "घरी जाईपर्यंत सांडून जाते."

मग मला माझीच लाज वाटली. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं मी. नुसतं पुन्हा पुन्हा ऐकलं की ओळखीचं वाटतं, पण येत नाही, हे परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले होते. दुसऱ्या दिवसापासून मी वही मिटली. "आधी तुम्ही सांगा. अडलं की मी वाचते." त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "मास्तरीन झाल्या तुम्ही तं!" पण अडलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी बरोबर यायला लागलं.

राहिला क्रम. प्रवेश एकमेकांत घुसायचे. कोर्टातला वकील साखरपुड्यात येऊन बसायचा. मी म्हटलं, माझ्या घरात फिरत फिरत एकेक प्रवेश ठेवू. दारात पहिला, शिलाई मशीनवर दुसरा, फ्रिजपाशी तिसरा. आणि नुसता ठेवायचा नाही, काहीतरी विचित्र चित्र करून ठेवायचा. म्हणून साखरपुड्यातला नवरदेव आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी उकिडवा बसला. मुखरूभाऊ इतके हसले की रविवारचे घरी असलेल्या यांनी आतून विचारलं, काय झालं? चार दिवसांत पहिला अंक पक्का झाला.

मग मी दसऱ्याची साफसफाई काढली. चुना मारायचा म्हणून मशीन मागच्या खोलीत गेली, फ्रिज न्हाणीच्या भिंतीला. मुखरूभाऊ घरात चार पावलं टाकून थबकले. फ्रिजच्या जागी त्यांचा हात रिकाम्या भिंतीला लागला.

"बाई, नवरदेव कुठी गेला?"

"न्हाणीपाशी."

"थो तिथी काऊन गेला? तिथी तं सासू फीट येऊन पडते!"

सगळा अंक विस्कटला. मी किती वेळा म्हटलं, भाऊ, मनातलं घर जुनंच धरा. पण जुनं घर त्यांच्या मनात कुठलं टिकायला? पाय रोज नव्या घरात पडत होते ना. ते जरा रागावूनच घरी गेले. मीही चुन्याची बादली तशीच ठेवून बसून राहिले. दिवाळी जेमतेम महिन्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारची वाट न बघता ते सकाळीच आले. "बाई, तुमचं घर सरकते. माझ्या बांध्या सरकत नाई."

बांधी म्हणजे धानाच्या शेतातला, धुऱ्यांनी म्हणजे मातीच्या बांधांनी अडवलेला एकेक तुकडा. मुखरूभाऊंच्या शेतात अकरा बांध्या आहेत, आणि लहानपणापासून चिखल तुडवल्यानं त्यांच्या पायांना त्या पाठ आहेत. मोहाच्या झाडाची पहिली, पाणी न धरणारी दुसरी, खेकड्यांच्या भोकांची तिसरी. नाटक तिथे हलवलं. नवरदेव खेकड्यांत बसला. वकील काळा कोट घालून गुडघाभर चिखलात धान रोवू लागला. चौदा प्रवेशांना तीन बांध्या कमी पडल्या, तर लगतच्या लहानूभाऊंच्या तीन घेतल्या, त्यांना न विचारताच. "त्याचं काय जाते?" मुखरूभाऊ म्हणाले. "मी काही धान कापून राह्यलो काय?"

वकिलाचं लांबलचक भाषण मात्र चित्रानं येईना. चित्रानं वकील आठवे, त्याचे शब्द नाही. तिथे त्यांनी स्वतःच तोड काढली. रोवणीच्या गाण्याच्या चालीवर भाषण म्हणायला लागले. 'न्यायमूर्ती महाराज' वर ताल, 'ही अबला' वर ताल. एकदा चालीत बसलं की मग चाल काढून नुसते शब्द म्हणायचे. कोणाची किती वाक्यं, ते बोटांच्या पेरांवर. बांधीनं क्रम सांभाळला, चित्रानं पहिला शब्द दिला, चालीनं वाक्य ओढून आणलं आणि माझ्या मिटलेल्या वहीनं सगळं घट्ट केलं. यातलं एकेकटं काही पुरलं नसतं. ते तर आम्ही इतके दिवस बघितलंच होतं. पक्का झालेला प्रवेशही तिसऱ्या दिवशी आणि मग बाजाराच्या दिवशी मी परत विचारायची.

त्यांच्या पत्नी भागीरथाबाई एकदा विहिरीवर भेटल्या. "तुम्ही काय शिकवून राह्यल्या वो बाई? हा बुढा धुऱ्यावर कंबरेवर हात ठेवून सासूवानी भांडते! लोकं म्हणतेत, भूत लागलं."

"पण भांडतात कसे?"

"माझ्या सासूपेक्षा बरे," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मंडळीच्या ऑफिसात पहिली तालीम लागली. भागीरथाबाईंनी मला गळ घातली, संगं जा. मी भाजीची पिशवी घेऊन गेले आणि दाराशी खुर्चीवर बसले. मालक पत्रूभाऊ, सुनेचं काम करणारी नूतन, आणखी सात-आठ नट. मुखरूभाऊंनी मांडीवर वही उघडली, तिच्याकडे बघत पानंसुद्धा उलटली, आणि सुरू केलं. एक अंक संपला, दुसरा संपला. शब्द इकडचा तिकडे नाही. मध्ये एका नटानं पदरचा विनोद घातला, मुखरूभाऊ थांबले, हसू ओसरू दिलं, पुढचं वाक्य सरकवलं. माझ्या पिशवीचे बंद मी किती घट्ट धरले होते, ते नंतर बोटांवरच्या वळांवरून कळलं.

तिसऱ्या अंकाआधी पत्रूभाऊंनी दोन सुटी पानं त्यांच्या हातात दिली. "लेखकानं काल रातच्याला कोर्टाआधीचा प्रवेश काढून टाकला. त्याच्या जागी हा नवा. घ्या."

जुना प्रवेश गेला याचं मुखरूभाऊंना काही नव्हतं, ती बांधी पडीत ठेवली असती. पण या नव्याला तर बांधीच नव्हती. त्यांनी पानं डोळ्यांपुढे धरली. नूतन पदर सावरून वाट बघत उभी.

"वाचा ना भाऊ," पत्रूभाऊ म्हणाले.

नूतन जवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, पान उलटं हाये."

मुखरूभाऊंनी पान सुलटं केलं नाही. ते वहीवर ठेवलं आणि वही मिटली. "मले दिसत नाई पत्रूभाऊ. पोळ्यापासून दिसत नाई. दोन अंक मी वाचले नाई, सांगितले. मले पाठ हाये सारं."

"म्हंजे?" पत्रूभाऊंचा आवाज चढला. "हंगाम तोंडावर आणि तुम्ही आता सांगता? पहिल्या नाटकाले अडले असते तं?"

"अडलो असतो तं लोकांनी चपला मारल्या असत्या. मले नाई, तुमाले. म्हणून तं पाठ केलं."

कोणीतरी फसकन हसलं. पत्रूभाऊंनी वही ओढली, मधूनच उघडली. "सांगा. पान ब्याऐंशी. इन्स्पेक्टर घरात येते, तवा सासू काय म्हणते?"

मुखरूभाऊंचे चपलेतले अंगठे हलले. मला कळलं, ते धुऱ्यावरून चालत होते. "साहेब, आमच्या घरात पोलीस नाई, पाव्हणे येतेत," त्यांनी सासूच्या ठसक्यात म्हटलं, आणि न विचारता पुढची चार वाक्यंही. पत्रूभाऊंनी आणखी तीन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी ते चुकले, लगेच "थांबा, थो लहानूच्या बांधीत हाये" म्हणाले आणि बरोबर सांगितलं. लहानू कोण, हे तिथे कोणालाच कळलं नाही.

पत्रूभाऊंनी वही मिटली. ती त्यांनी मुखरूभाऊंच्या हातात परत दिली. "सत्तावीस वर्षं वही पाहून तुम्ही एवढं चोख बोलले नाई, भाऊ," ते म्हणाले. "बसा तुमच्या जागी. पण सारं सांगून टाका आता, आणखी काही लपवलं हाये काय? काही पाह्यजे काय?"

मुखरूभाऊ उठून उभे राहिले आणि आवाजाच्या दिशेनं नीट तोंड करून म्हणाले, "काही नाई जी. शब्द बदलायचा असला तं मले एक दिवस आधी सांगा."