अव्वा कुर्डुवाडीला गेली नव्हती

डॉक्टरांनी लिहिलेला शब्द मी टेबलाच्या या बाजूने उलटा वाचला. डिल्यूजन. पुरावा समोर असला तरी न सुटणारा खोटा समज, असा अर्थ त्यांनी सांगितला. "तुमची बहीण म्हणते, आई कुर्डुवाडीला गेलीय. आई तर वारली ना?"

"हो. दोन महिने झाले."

पुढचं वाक्य मी गिळलं. तो खोटा समज तिला मीच दिला होता.

रेल्वेच्या चौऱ्याहत्तरच्या मोठ्या संपाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. महादेवी माझी धाकटी बहीण, जन्मापासून बहिरी, तेव्हा सव्वीस वर्षांची. अव्वा, म्हणजे आमची आई, गेली तेव्हा ती अक्कलकोटला मावशीकडे होती. आम्ही लिंगायत, अव्वाला रिवाजाप्रमाणे पुरलं; पण वडीलधाऱ्यांनी ठरवलं, महादेवीला बोलावू नका. तिला कळायचं नाही, उगाच आकांत करेल. मी शाळेत ग्रंथपाल, चार पुस्तकं वाचलेला. मीही मान डोलावली. ती परतल्यावर मी कोपरातून हात इंजिनाच्या दांड्यासारखा फिरवला. आमच्या घरची ती आगगाडीची खूण. अव्वा मामाकडे कुर्डुवाडीला गेली, एवढंच तिला सांगितलं.

पहिल्या आठवड्यात तिने अव्वाचं अंथरूण उन्हात टाकलं. मग रोज दुपारी स्टेशनवर जाऊन उभी राहू लागली. पुढे जेवण सुटलं. भिंतीकडे तोंड करून हात हलवत बसायची. शेवटी तिला दवाखान्यात दाखल केलं.

तिथे डॉक्टर मला विचारत, मी तिला खुणा करी, आणि तिच्या लांबलचक उत्तराचं माझ्या तोंडून एकच वाक्य होई : "विशेष काही सांगत नाही." खरं तर मला तिच्या चाळीसेक खुणा येत होत्या. जेव, पाणी, अंघोळ, आगगाडी. एकदा तेवढी आगगाडीची खूण ओळखून मी डॉक्टरांना सांगितलं होतं, आई कुर्डुवाडीला गेलीय म्हणते. तिची खरी भाषा आमच्या घरात नव्हतीच. ती होती पलीकडच्या गल्लीत, मागावर काम करणाऱ्या एका बहिऱ्या जोडप्याच्या घरी. दर रविवारी ती तिथे जायची.

"सोमवारी शॉक देऊ," डॉक्टर म्हणाले. इलेक्ट्रिक शॉक, म्हणजे मेंदूला विजेचा अगदी थोडा वेळ दिलेला झटका. त्याने माणसं बरी होतात, हे मला मान्य आहे. पण जिचं म्हणणं कुणी ऐकलंच नव्हतं, तिच्यासाठी मी कागदावर सही करायची होती.

सोमवारी मी त्या जोडप्याच्या मुलीला, लक्ष्मीला, बोलवायला गेलो. तिला ऐकू येतं आणि खुणा तर आईच्या दुधाबरोबर आलेल्या. विड्या वळायचं सूप बाजूला सारून ती निघाली. वाटेत म्हणाली, "मास्तर, आधीच सांगते. मी पदरचं काय घालनार न्हाय. तिनं शिवी दिली तर शिवीच सांगनार. चालतंय का?"

मला चालत होतं. डॉक्टरांना चाललं नाही. "तुम्ही सख्खे भाऊ आहात. बाहेरची बाई कशाला? पेशंटच्या गोष्टी गुप्त राहायला हव्यात."

"त्या मीच गुप्त ठेवल्यात," मी म्हणालो. "ही बसल्याशिवाय सही मिळणार नाही." आयुष्यात मी कुणाशी इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो.

लक्ष्मीला पाहताच महादेवीचे हात भराभर बोलू लागले.

"ती म्हनती, अव्वा कुर्डुवाडीला गेली असं दादानं सांगितलं. मग तिच्या साड्या का वाटल्या? चष्मा हितंच कसा ऱ्हायला? चष्म्याबिगर ती उंबरा वलांडत न्हाय. मी रोज स्टेशनात बघते. इचारलं की समदे खाली बघतात. माझा भाऊ लई खोटारडा हाय." मग माझ्याकडे वळून, "हे तिचं हाय बरं का मास्तर, माझं न्हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे खरं आहे?"

"खरं आहे."

"मग तुम्हीच सांगा तिला. आत्ता."

मृत्यूची खूण मला येत नव्हती. लक्ष्मीने दाखवली, मी केली. महादेवीने माझ्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. मग तिने लक्ष्मीमार्फत विचारलं, कुठे पुरलं? माझी आठवण काढली का?

शेवटच्या दिवशी अव्वाने दोनदा स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवलं होतं. ती महादेवीच्या नावाची खूण. मी ती तिला करून दाखवली.

डॉक्टरांनी तो शब्द खोडला आणि डिप्रेशन लिहिलं, म्हणजे मन खचून जाण्याचा आजार. शॉक टळला. गोळ्या मात्र सहा महिने चालल्या. दुखणं काही एका दिवसात गेलं नाही. पण दर तपासणीला लक्ष्मी मधे बसली, आणि डॉक्टर स्वतःच विचारू लागले, "लक्ष्मीबाई आल्या का?" त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी असं माणूस असेल तर एवढं ऐका. त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका. तुमचं प्रेम असेल, पण तुमची लाजही असते, आणि ती वाक्यं गिळते. हातांची भाषा जाणणारं तिऱ्हाईत माणूस मागा. "तसा नियम नाही," म्हणतील. म्हणू देत. दारातून हलू नका.

आता मी रविवारी महादेवीबरोबर त्या गल्लीत शिकायला जातो. माझ्या खुणांना सगळे हसतात. मामाकडे जायचं असलं की मी घरी आगगाडीची खूण करतो. महादेवी लगेच माझं मनगट धरते आणि तळहात पुढे करते : तिकीट दाखव.

मी दाखवतो.