शेंदराखालची चकमक

त्या दिशी माळावर आमी चौघी हुतो: मी, माझी नणंद ठकूबाई, माझी सून मंगल, आन मंगलची दीड महिन्याची पोर, जिचं नाव ठिवायचं वाटंत ऱ्हाऊन गेल्तं. माझा ल्योक भिवा मेंढरं घिऊन ओढ्याच्या पल्याड गेल्ता. पालाबाहीर घोडं हुतं, डालग्याखाली दोन कोंबड्या हुत्या, आन कोपऱ्यातल्या टोपलीत आमचे देव हुते.

कोकनातून माघारी येताना पारनेरच्या वरल्या माळावर बिऱ्हाड उतरलं की दरसाली मला एकच वास येतो, उनानं तापलेल्या कुसळाचा आन लोकरीचा, आन त्या वासासंगं चार महिन्याची सगळी चाल एकदम पायात उतरती. त्या दिशी त्यो वास मधीच मोडला. दुपार कलली, वारं थांबलं, आभाळ वांग्यावानी झालं, आन गारा आल्या. पाल फाटलं. चुलीत पानी, अंथरुनात पानी, काडीपेटीचा लगदा. गारा थांबल्या तवा सगळा माळ पांढरा पडला हुता आन ओढा असा भरला हुता की भिवाला हिकडं येता येईना. लायटर त्याच्या खिशात, बिडीसाठी. फोनला तर रेंज न्हवतीच.

मंगलनं पोर छातीशी धरली हुती. पोर रडत हुती तवर मला काई वाटलं न्हाई. रडनं थांबलं तवा वाटलं. तिचं पाय हातात घेतलं तर ओढ्यातल्या गोट्यावानी लागलं, आन ती थानाला तोंड लावंना. मंगल लई हळू बोलली, "आत्ती, ही चालली का वं?"

तवा मला मालकाची चकमक आठवली. बोटाएवढा वाकडा पोलादाचा तुकडा, एक गारगोटी, आन शिंगाच्या नळीत जाळून काळा केलेला सावरीचा कापूस. घाटातल्या धुक्यात उतरू नायतर पावसात, मालक उकिडवं बसायचं आन दोन ठोक्यात इस्तू. मालक गेलं आन मी ती चकमक देवाच्या टोपलीत ठिवली. दसऱ्याला आमी हत्यारं पुजतो, कातर, कोयता, तसा तिलाबी तेल-शेंदूर. वापरायचं कामच पडलं न्हाई, काडीपेटी स्वस्त झालेली. दसऱ्यामागं दसरं असंच गेलं.

काढली, ठोकली. मेनावर मेन आपटल्यावानी आवाज. ठिनगी न्हाई. पोलाद आन गारगोटी, दोन्हीवर शेंदराचा जाड थर बसलेला, आन तो कुनी दुसऱ्यानं न्हाई, मीच हातानं चढवलेला. मी लोकर कातरायची कातर घेतली आन खरडाय लागले, तर ठकूबाईनं माझं मनगट धरलं.

"वैनी, भाऊ हाय त्यात. त्याला खरडतीस व्हय?"

मी म्हनले, "तुजा भाऊ इतका गुळगुळीत कवा हुता गं?"

ती रडता रडता हसली. मनगट सोडलं, आन घोड्याच्या खोगीराची शिवन उसवाय लागली, आत कोरडं गवत असतं म्हनून.

शेंदूर निघाला तर खाली तेल मुरलेलं. खडकावर घासत ऱ्हायले, बोटाची सालं निघाली, खडक आधी शेंदरानं लाल झाला, मंग माझ्यानं. तेलानं एक बरं केलं हुतं, गंज चढू दिला न्हवता. नळीचं बूच दातानं उपसलं. आत कापूस कोरडा, मालकानं दाबून भरला हुता तसाच. किती ठोकं मारलं ते ध्यानात न्हाई. एक ठिनगी कापसावर बसली, मोहरीच्या दान्याएवढी, आन मी तिच्यावर फुंकर घालायलाबी भ्याले.

गवत पेटलं. ठकूबाईनं डालगं मोडून घातलं. मी जाळावर हात धरायची आन पोरीच्या पोटाला, तळपायाला लावायची, परत जाळावर धरायची. लई येळानं तिनं वठ हलवलं, मंग रडली, आन मंगलनं तिला पदराखाली घेतलं. कोंबड्या तेवढ्या बिनघराच्या फिरत हुत्या.

दिवस मावळायला ओढा उतरला आन भिवा आला. जाळ बघून म्हनला, लायटर कुनाचा घावला?

"तुज्या बापाचा," ठकूबाई म्हनली.

चकमक आजबी टोपलीतच हाय, पन तिला शेंदूर न्हाई. दसऱ्याला मंगल आधी ठिनगी पाडती, मंगच फूल वाहती. पोर आता मेंढरामागं पळती. मी मातूर थकले. पाल मारताना मला कुनी दोरीला हात लावू देत न्हाई; घोंगडीवर बसवत्यात, येता-जाता पाया पडत्यात. बरं वाटतं. पन बसल्या जागी माझी बोटं एकमेकावर घासत ऱ्हात्यात, आन कुठूनतरी शेंदराचा वास येतो.

वाचनाऱ्या बायांनो, बाप्यांनो, तुमच्या घरात कुनाची अशी वस्तू पुजून ठिवलेली असंल, तर एकदा खाली काढा आन वापरून बघा.